जेवल्याशिवाय बूट नाहीत

विमा कचेरीचा माणूस पहिल्यांदा आला, त्या सकाळी बामगोलवालीने स्वतःहून केस विंचरले, अंबाड्यात चांदीची पिन खोवली आणि ओट्यावर पाय दुमडून ऐटीत बसली. आम्ही अंगणात वाळवायला टांगायची पर्सिमनची फळं सोलत होतो. शेजारची मी, तिची मुलगी सुनिम, आणि आमच्या मध्ये टोपल्यांचा ढीग. हात थांबले नाहीत, पण कान सगळे ओट्याकडे.

"आजी, आत्ता ऋतू कोणता?" त्याने विचारलं.

"पर्सिमन सोलतात तो. तुम्ही शहरातली माणसं, नाक गळायला लागल्याशिवाय तुम्हाला ऋतू कळायचा नाही."

तो हसला. म्हणाला, शंभरातून सात काढा.

"कशाला काढू? असू देत की शंभर."

तो आणखी हसला. उठा म्हणाला, ती उठली. बसा म्हणाला, ती बसली. त्याचं नाव काय, लग्न झालं का, इतक्या थंडीत गळ्याभोवती काही का गुंडाळलं नाही, हे उलट तिनेच त्याला विचारलं. एक टोपली सोलून व्हायच्या आत तो उठला. जेवून जा म्हटलं तर नियमात बसत नाही म्हणाला. पाणीसुद्धा घेतलं नाही. त्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी बामगोलवाली माझ्याकडे वळली.

"कोण गं हा? कोण वारलं?"

आणि बसल्या जागी तिचा घागरा ओला झाला.

बामगोलहून नांदायला आली म्हणून गावाने तिला जन्मभर बामगोलवाली म्हटलं. तिचं खरं नाव बोंगनिम, हे तो कचेरीतला मोठ्याने वाचायला लागला तेव्हा मला आठवलं. आमच्या खोऱ्यात पर्सिमनची साल एका पट्टीत, न तुटता काढणारी ती शेवटची बाई. डॉक्टरांनी तिच्या आजाराचं नाव सांगितलं होतं, अल्झायमर. गोळ्या दिल्या होत्या. पण म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या सरकारी विम्याचे पैसे डॉक्टरच्या शब्दावर मिळत नाहीत. माणूस किती परावलंबी, त्याचा दर्जा कचेरी ठरवते. दर्जा मिळाला तर तालुक्याच्या दिवसाच्या केंद्राची गाडी सकाळी येऊन म्हातारीला घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. थोडे पैसे आपले, बाकीचे विम्याचे. दर्जा नसेल तर सगळा भार आपल्याच डोक्यावर.

दर्जा नाकारला. आजी ठणठणीत आहेत, असं कळवलं कचेरीने.

त्या संध्याकाळी थेसिकचा फोन आला. थेसिक म्हणजे सुनिमचा थोरला भाऊ. तो शहरात राहतो. सुनिमचे हात पर्सिमनच्या चिकाने काळे झालेले, म्हणून फोन टोपलीवर ठेवून तिने आवाज मोठा केला. मलाही सगळं ऐकू येत होतं.

"पुन्हा अर्ज कर. पण या वेळी जरा डोकं वापर. आधी चार दिवस आंघोळ घालू नकोस. कपडे बदलू नकोस. वास आला पाहिजे खोलीत."

"आणि?"

"आणि काय? नाही दिला दर्जा तर वरची बाग विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे. इथे शहराबाहेर एक बरं केंद्र आहे, तिथे ठेवू. औषधं, लंगोट, सगळे तेच बघतात. मी तरी किती दिवस पाठवू? माझीही पोरं शिकतायत."

"तिथे तिला पर्सिमनचं झाड दिसेल का?"

"सुनिम, आईला आता झाड आणि खांब यातला फरक कळतो का?"

"तुला कळतो का?" सुनिम म्हणाली आणि कोपराने फोन बंद केला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तो बोलतो वाईट, पण खोटं नाही बोलत. सगळेच करतात तसं. माझ्या नणंदेने सासूला तशीच बसवली होती, लगेच मिळाला दर्जा."

सुनिमने सुरी बादलीत टाकली. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"काकू, तुमच्या आईला बसवलं असतंत तसं? परक्या माणसासमोर?"

मी बाहीने तोंड पुसलं आणि पुढचं फळ उचललं.

यंदाची शरद ऋतूची हवाच वाईट होती. थंडी पडायची तेव्हा पडली नाही, सकाळी नदीवरून कोमट धुकं यायचं. अशा हवेत टांगलेली पर्सिमन आंबतात आणि आकड्यावरून पटापट खाली पडतात. सुनिम माळ्यावर पंखे लावायची, ओळीच्या ओळी फिरवून टांगायची, पडलेली उचलायची, आणि दर थोड्या वेळाने शिडीवरून वाकून बघायची, आई कुठे आहे. म्हातारी कधी गोठ्यात सापडायची, विकून टाकलेल्या गाईला हाका मारत. कधी माझ्या दाराशी, हातात एक चमचा घेऊन. सुनिमने फाटकाला घंटा बांधली होती. शेतावर, सोलायच्या कारखान्यात, कुठेच तिला मजुरीला जाता येईना. पाठीत उसण भरली तरी पट्टा बांधून शिडी चढायची.

सोलायला बसवलं की म्हातारी झक्क सोलायची. डोकं गेलं होतं, हात शाबूत होते. फक्त कधी कधी साल आकड्याला टांगायची आणि फळं गाईच्या गव्हाणीत नेऊन टाकायची. सुनिम ती गव्हाणीतून काढायची, धुवायची, टांगायची. एकदा तालुक्याच्या दुकानात मी तिच्याबरोबर होते. दुकानदाराने भरल्या दुकानात ओरडून विचारलं, "लंगोट ना? मोठ्या माणसांचे?" गल्ल्यापाशी दोन पोरी फिदीफिदी हसल्या. सुनिम त्याच्याहून मोठ्याने म्हणाली, "हो, मोठ्या माणसांचे. माझ्या आईचे. सगळ्यात चांगले दे, आणि तुझं माप काय तेही सांगून ठेव, पुढे लागेल." मग मात्र कुणी हसलं नाही.

आता बुटांचं सांगायला हवं. बामगोलवालीच्या घरी पाहुणा आला आणि जेवायला नाही म्हणाला की ओट्याखालच्या दगडावरचे त्याचे बूट गायब व्हायचे. आमच्याकडे असं पूर्वी बऱ्याच बायका करायच्या, पण तिच्यासारखं पक्कं कुणी लपवत नसे. पाहुणा शोधून शोधून दमायचा, शेवटी हसत जेवायला बसायचा, आणि जेवून उठला की बूट दगडावर जोडीने मांडलेले. माझेही गेलेत दोनदा. पण एकदा तिने हे थट्टेत केलं नव्हतं. सुनिम तेव्हा तिशीची होती. डोळा सुजलेला, ओठ फाटलेला, अशी नवऱ्याघरून आली होती. दोन दिवसांनी नवरा न्यायला आला, आणि त्याला घेऊन आला होता थेसिक. बाईचं घर तेच, आई, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलला. बाहेर गुडघाभर बर्फ. बामगोलवाली दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जाईल की. पण पोरीचे बूट सापडत नाहीत. बर्फात अनवाणी पाठवू?" दोघांनी घर पालथं घातलं. माळा, कोठी, लोणच्याचे रांजण, सगळं. बूट काही मिळाले नाहीत. नवऱ्याने शिव्या घातल्या आणि गेला तो गेलाच. बूट कुठे होते, ते त्या मायलेकींनी कधी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या तपासणीला एक मुलगी आली, कांग मॅडम. बारीक चणीची, हातात पाटीसारखं यंत्र, पायात पांढरे कापडी बूट. त्याच सकाळी थेसिकही आला, तपकिरी चकचकीत बूट घालून. त्याच्या कोटाच्या खिशात बागेच्या सौद्याचा कागद होता, सहीच्या जागी फक्त आईचा शिक्का उठवायचा राहिला होता. आल्या आल्या त्याने सुनिमला विचारलं, "आईचा शिक्का कुठे आहे? नाहीच मिळाला दर्जा तर आजच उठवून घेतो."

"आईने कुठे ठेवलाय कुणास ठाऊक," सुनिम म्हणाली.

मग त्याने आईकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सुनिमने तिला पहाटेच न्हाऊ घातलं होतं. इस्त्रीचं जाकीट, धुतलेले मोजे, अंबाड्यात पिन. सणाला बसावी तशी बसली होती म्हातारी.

"तुला सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस," सुनिम म्हणाली. "ऐकलं नाही."

कांग मॅडमने प्रश्न सुरू केले. दोन झाले नाहीत तोच थेसिक मध्ये पडला.

"मॅडम, हिच्या उत्तरांवर जाऊ नका. ही कपड्यांतच करते. परवा भिंतीला फासलं होतं. विचारा बहिणीला."

म्हातारीची मान लाल झाली. तिने हळूच जाकिटाची गाठ सरळ केली. लाज तिला अजून कळत होती, ती कुठल्याच आजाराने नेली नव्हती.

"हे गृहस्थ कोण?" ती कांग मॅडमला म्हणाली. "माझ्या घरात बसून कुणाच्या आईची अब्रू काढतायत? त्यांना म्हणावं, आपल्या घरी जाऊन बोला."

आणि मग ती अशी काही चमकली की बघत राहावं. गाव सांगितलं, महिना सांगितला, नवरा कधी गेला ते सांगितलं. तीन वस्तूंची नावं सांगून मागाहून विचारली, तर म्हणाली, "बाजाराला मी जायचंय का तू? तूच ठेव ना लक्षात." कांग मॅडमचं बोट यंत्रावर भराभर चाललं होतं. थेसिकचा चेहरा पडला. मी सुनिमकडे पाहिलं. ती खालमानेने पर्सिमन सोलत होती आणि तिची साल तुटली. मला वाटलं, संपलं. बाग गेली, म्हातारी गेली.

"झालं आजी. येते मी," कांग मॅडम म्हणाली.

"जेवून जा."

"नाही आजी, आम्हाला चालत नाही. नियम आहे."

ती ओट्यावरून पाय खाली सोडून थांबली. दगडावर फक्त माझे रबरी बूट होते. पांढरे नव्हते. तपकिरीही नव्हते.

"माझे बूट..."

"माझेही!" थेसिक ओरडला. "आई! अजून हेच? सुनिम, शोध."

मधे चहा ठेवते म्हणून म्हातारी एकदा आत गेली होती. चहा काही आला नव्हता. सुनिमने सुरी पुसली आणि उठली. मी बघत होते तिच्याकडे. तिचा चेहरा पार बदलला होता.

"मॅडम, नियम खाण्याला आहे ना? बसायला नाही ना? मग नुसत्या बसा. आईने वाढलं की बूट मिळतात, आमच्याकडे असंच आहे. तुमच्या वरच्या साहेबांना सांगा, बाईने अडवून ठेवलं. माझं नाव लिहा."

कांग मॅडम बावरली. पण अनवाणी जाणार कुठे? बसली.

म्हातारीने जेवणाचा बुटका पाट मांडला. भात, सोयाबीनच्या पेस्टचा रस्सा, आंबवलेल्या मुळ्याची किमची, भाजलेला मासा. वाट्या कशा सरळ रेषेत. चमचा उजवीकडे, जेवायच्या काड्या त्याच्या शेजारी. कांग मॅडमने हात लावला नाही, थेसिक रागारागाने जेवला. म्हातारीने सगळं उचललं, मोरीत नेलं, भांडी घासल्याचा आवाज आला. मग ती हात पुसत बाहेर आली, आणि कांग मॅडमला बघून तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई! कधी आलात? जेवलात का?"

"आई, आत्ताच तर..." थेसिक म्हणाला.

"गप्प बस दादा," सुनिम म्हणाली. "तू नेहमी जेवलास की निघतोस. आज बस."

दुसऱ्यांदा पाट आला. भात, तोच रस्सा, या वेळी गार. मासा संपला होता, म्हणून म्हातारीने ताटलीत पर्सिमनच्या साली नीट रचून आणल्या होत्या. "मासा ताजा आहे," म्हणाली. थेसिकने ताटलीकडे पाहिलं आणि मग आईकडे. पुन्हा भांडी मोरीत गेली. पुन्हा ती हात पुसत आली. "कोण आलंय? अगं, जेवलात का?" या खेपेला भातच उरला नव्हता. आत खुडबुड झाली, पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि जळका वास सुटला. तिने भाताच्या विजेच्या कुकरमध्ये आतलं भांडं न ठेवता पाणी थेट तापत्या चकतीवर ओतलं होतं. फट्कन आवाज होऊन घरभराचे दिवे गेले. सुनिम एका उडीत आत होती. तारेवरून आईचा हात तिने कसा काढला, तिलाच ठाऊक. म्हातारीला दारात आणून बसवलं तेव्हा तिचे दात वाजत होते.

"पाहुणे उपाशी," ती पुटपुटत होती. "माझ्या घरी पाहुणे उपाशी."

कांग मॅडमने यंत्र मांडीवरून खाली ठेवलं होतं. ती सरकून जवळ आली आणि तिने म्हातारीचा हात धरला. म्हातारीने सुनिमकडे बोट केलं.

"या बाईला आधी वाढा. रोज येते कामाला. मजुरी मागत नाही. हिचं कुणी नाही वाटतं."

सुनिम तिच्या पायावरचे शिंतोडे पुसत होती. ती पुसत राहिली.

"आजी, तुमची मुलगी कुठे असते?" कांग मॅडमने विचारलं. हा प्रश्न तिच्या यंत्रात नसावा.

"सासरी. नवरा मारतो तिला." म्हातारी आवाज खाली करून, गुपित सांगावं तशी बोलत होती. "येणार आहे ती. आली की बूट लपवणार मी. कुणीही येऊ दे न्यायला. तिचा भाऊ आला तरी नाही पाठवणार."

थेसिक जमिनीकडे बघत होता. मला रडू आलं, सरळ सांगते. सुनिम मात्र रडली नाही. तिने आईचे मोजे बदलले, उठली, घरामागे गेली आणि पांढरे बूट घेऊन आली. बूट एकमेकांवर आपटून तिने त्यांची राख झटकली.

"घ्या मॅडम. हे आमच्या घरातलं रोजचं आहे. आंघोळ न घालता दाखवायचं काही नव्हतं आमच्याकडे. आता काय लिहायचं ते लिहा."

कांग मॅडमने वाकून नमस्कार केला. सुनिमला नाही, म्हातारीला. "जेवण छान होतं, आजी," म्हणाली आणि गेली.

"माझे?" थेसिकने विचारलं.

"सापडले नाहीत, दादा."

तेवढ्यात नदीवरून धुकं वर यायला लागलं. दिवे गेल्यामुळे माळ्यावरचे पंखे बंद पडले होते. सुनिम शिडीकडे पळाली, मीही तिच्यामागे. वरून तिने ओरडून सांगितलं, "दादा, आईचं ओलं झालंय. शेगडीवर पाणी गरम आहे. कपडे पेटीत, वरचेच." खालून म्हातारीच्या शिव्या ऐकू आल्या, पाणी ओतल्याचा आवाज आला, पुन्हा शिव्या. आम्ही सगळ्या ओळी सोडवून, अंतर देऊन पुन्हा टांगल्या. खाली आलो तर थेसिक ओट्यावर बसला होता. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, गालावर नखाचा ओरखडा. म्हातारी त्याच्या शेजारी, स्वच्छ. जाकिटाची गाठ चुकीची होती, पण होती.

वडिलांचे जुने रबरी बूट घालून तो अंधार पडायच्या आत निघून गेला.

दर्जा आला. आता सकाळी केंद्राची गाडी येते. म्हातारी रोज ड्रायव्हरला विचारते जेवलास का, आणि तो रोज हो म्हणतो, तेव्हाच चढते. सुनिम सोलायच्या कारखान्यात मजुरीला जायला लागली. धुक्याने बरीच फळं नासली, पण उरली त्यांच्यावर वाळताना पांढरी साखर धरली, तेवढ्यावर वर्ष निघेल.

परवा मी त्यांच्याकडेच वाळलेल्या फळांच्या माळा गुंडाळत होते तर फोन वाजला. हात चिकट म्हणून सुनिमने आवाज मोठा केला.

"दर्जा मिळाला ते बरं झालं," थेसिक म्हणाला. "पण ते गिऱ्हाईक अजून थांबलंय. आज ना उद्या आई चालेनाशी होणार, तेव्हा काय? आईचा शिक्का सापडला का?"

सुनिमने मला बोटाने ये म्हणून खूण केली. फोन हातात धरूनच ती मला घरामागे घेऊन गेली. जुन्या खोलीखाली जमीन तापवायची चूल आहे, बॉयलर आला तेव्हापासून थंड. तिने लोखंडी झाकण सरकवलं. आत राखेत तपकिरी बूट जोडीने मांडलेले होते. डाव्या बुटात एक लहानशी रेशमी पिशवी, शिक्क्याची.

"माझेही इथेच होते तेव्हा," ती माझ्या कानाशी म्हणाली. "सगळं विसरली, ही जागा नाही विसरली. बूट आईने ठेवलेत. शिक्का मी."

"सुनिम? ऐकतेस ना?" फोनमधून आवाज आला. "आणि माझे बूट? चांगले बूट होते गं."

"आहेत," सुनिम म्हणाली. "तो बागेचा कागद घेऊन ये. माझ्यासमोर फाड. मग रात्रभर राहा, आईच्या हातचं तीनदा जेव, तिला आंघोळ घाल. मग मिळतील."

"आणि नाही आलो तर?"

"तर ये अनवाणी केव्हा तरी. बर्फ पडेल आता."

केंद्राची गाडी फाटकाशी थांबली, घंटा वाजली. म्हातारी अंगणातून आमच्याकडे येत होती, हातात केंद्रातल्या कुणाचा तरी एक कापडी बूट घेऊन.

"कोण बोलतंय गं?" तिने विचारलं. "जेवला का तो?"

"नाही अजून," सुनिम म्हणाली, आणि तिने झाकण लावून टाकलं.